कॅमेरा परदेशी नेताना आणि परत आणताना: कस्टम्सची तयारी कोल्हापुरातूनच

उजळाईवाडीच्या विमानतळावरून अजून परदेशी विमान सुटत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या प्रवाशाची आणि कस्टम्सच्या अधिकाऱ्याची गाठ पडते ती मुंबईत, गोव्यात किंवा पुण्यात, आणि तीही बहुतेकदा परत येताना. गोची इथेच होते. पंधरा दिवस हिंडून दमलेला माणूस पट्ट्यावरच्या बॅगा उचलून दाराकडे निघालेला असतो आणि “या बॅगेत काय आहे?” असा प्रश्न येतो. बॅगेत तीन वर्षांपूर्वी राजारामपुरीतून घेतलेला कॅमेरा आणि दोन लेन्स असतात, परंतु ते सगळे इथूनच नेले होते हे सांगायला जवळ तोंडाशिवाय दुसरे काही नसते. अधिकाऱ्याला मात्र एवढेच दिसते की वस्तू महागडी आहे, परदेशी बनावटीची आहे आणि परदेशातून येत आहे. येतानाच्या या प्रश्नाचे उत्तर जातानाच कस्टम्सकडून ‘एक्सपोर्ट सर्टिफिकेट’ नावाच्या कागदावर लिहून घ्यावे लागते आणि त्याची तयारी मुंबईत पोहोचल्यावर नव्हे, तर घरी, निघण्याच्या आठवडाभर आधी करावी लागते.

लग्नाची छायाचित्रे काढण्याचा माझा व्यवसाय आहे. यजमान मंडळी आता लग्ने बालीत आणि दुबईत करू लागल्यामुळे दोन बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), चार-पाच लेन्स, फ्लॅश आणि दिवे घेऊन सीमा ओलांडण्याचे प्रसंग माझ्यावर अनेकदा आले. त्यातून जी पद्धत बसली ती इथे क्रमाने सांगतो. हौशी प्रवाशाला यातील निम्मेच लागेल. व्यावसायिकाने मात्र काहीही गाळू नये.

यादी आणि अनुक्रमांक

पहिले काम यादीचे. दिवसाउजेडी खिडकीजवळ चटई टाकावी, तिच्यावर स्वच्छ पंचा अंथरावा आणि नेणार असलेली प्रत्येक वस्तू बॅगेतून काढून त्यावर मांडावी. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहायच्या: बनावट, मॉडेलचे पूर्ण नाव, अनुक्रमांक आणि आजची अंदाजे किंमत रुपयांत. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक बहुधा बुडाला, ट्रायपॉडच्या आट्याशेजारी असतो. घडीचा पडदा असलेल्या काही मॉडेलांत तो पडद्यामागच्या खोबणीत असतो आणि पडदा उघडल्याशिवाय दिसत नाही. लेन्सचा क्रमांक माउंटच्या, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडतात त्या कड्याच्या, कडेला किंवा नळीच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत कोरलेला असतो, तर काही लेन्सवर नुसती चिकटपट्टी असते.

या चिकटपट्टीनेच मला एकदा घाम फोडला. माझ्या ७०-२०० लेन्सवरील पट्टी चार उन्हाळ्यांतील लग्नांत हाताच्या घामाने पुसट झाली होती आणि दहा आकड्यांपैकी शेवटचे तीनच वाचता येत होते. जाताना कस्टम्सच्या अधिकाऱ्याने सर्टिफिकेटवर ‘क्रमांक अस्पष्ट’ असे लिहिले, ते त्याच्या जागी योग्यच होते. परत येताना एका विमानतळावर दुसऱ्या अधिकाऱ्याने तो शेरा वाचला आणि लेन्स बाजूला काढून ठेवली. माझ्याबरोबर आलेली मंडळी बाहेर गाडीत बसून फोनवर फोन करत होती आणि मी आत लॅपटॉप उघडून जुनी छायाचित्रे धुंडाळत होतो. अनेक आधुनिक कॅमेरे प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये तारखेबरोबर बॉडीचा आणि पुष्कळदा लेन्सचाही क्रमांक नोंदवतात. पन्हाळ्यावर चार वर्षांपूर्वी काढलेल्या एका जोडप्याच्या छायाचित्रात तो पूर्ण क्रमांक सापडला, त्याचे शेवटचे तीन आकडे जुळले आणि पाऊण तासाने मी सुटलो. तेव्हापासून प्रत्येक क्रमांकाचे जवळून छायाचित्र काढून ठेवतो आणि चिकटपट्टीवर पारदर्शक टेप लावतो. ज्यांना हा खटाटोप वाटतो त्यांनी निदान जुन्या दोन-चार फाइली फोनमध्ये ठेवाव्यात.

यादीतील ओळ मोघम असू नये. ‘कॅमेरा १, लेन्स ३, इतर साहित्य’ या यादीचा उपयोग शून्य. ‘मिररलेस कॅमेरा बॉडी, अमुक कंपनी, अमुक मॉडेल, क्रमांक अमुक, नग १, वापरलेला, किंमत रु. १,१०,०००’ अशी ओळ हवी आणि ती इंग्रजीत टाइप केलेली हवी, कारण परदेशी अधिकाऱ्यालाही तीच दाखवायची असते. बॉडी, लेन्स, मोठे फ्लॅश, दिवे, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण), रेकॉर्डर आणि मॉनिटर यांना स्वतंत्र ओळी द्याव्यात. मेमरी कार्डे, फिल्टर, पट्टे आणि चार्जर यांना क्रमांक नसतात. त्यांची संख्या शेवटी एका ओळीत दिली की पुरते. यादीच्या तीन प्रती काढून प्रत्येकीवर सही करावी.

ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी आपल्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि ज्याच्या खरी कॉर्नरला त्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ उभा आहे, त्या शहरातील माणसाला कॅमेऱ्यावरचे आकडे वाचायला सांगणे जरा विचित्र वाटते. पण बाबूरावांचा कॅमेरा एकुलता एक होता, आपल्यासारखे कॅमेरे कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडतात आणि त्यातला आपला कोणता हे तो आकडाच सांगतो.

बिले, आणि बिले नसली तर

यादीनंतर बिले शोधावीत. जीएसटीचे बिल असेल आणि त्यावर अनुक्रमांक छापलेला असेल तर उत्तम, कारण त्या एका कागदाने वस्तू भारतात, रीतसर कर भरून घेतली हे सिद्ध होते. पुष्कळ दुकानदार बिलावर फक्त मॉडेल लिहितात. खरेदी करतानाच क्रमांक लिहून मागण्याची सवय लावावी. दुकानदार नाही म्हणत नाही, आपणच मागत नाही. थर्मल कागदावरचे बिल वर्ष-दोन वर्षांत कोरे पडते, म्हणून ते आणल्या दिवशीच स्कॅन करावे.

आपल्याकडील निम्मी उपकरणे एका छायाचित्रकाराकडून दुसऱ्याकडे फिरत असतात आणि व्यवहार चहाच्या टपरीवर, रोख आणि विश्वासावर होतो. अशा वस्तूसाठी विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, पण मॉडेल, क्रमांक, किंमत, तारीख आणि सही असलेली पावती घ्यावी आणि मूळ बिलाची प्रत मागून तिला जोडावी. खरी पंचाईत ‘विदाऊट बिल’ मालाची असते. परदेशातून कोणीतरी बॅगेत घालून आणलेली आणि चार पैसे स्वस्त म्हणून घेतलेली लेन्स देशात आहे तोवर कोणी विचारत नाही. सीमेवर मात्र तिच्यामागे कोणताच कागद उभा राहत नाही. अशी वस्तू परदेशी नेऊ नये हे माझे स्पष्ट मत आहे.

वीजघट आणि बांधाबांध

हा विषय कस्टम्सचा नव्हे, विमान सुरक्षेचा आहे, तरी बॅग एकच असल्यामुळे थोडक्यात सांगतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायच्या असतात. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत त्या चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने जास्तीत जास्त दोन नेता येतात आणि १६० च्या वरच्या प्रवासी सामानात नेता येत नाहीत. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर, ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलिअँपिअर-अवरची कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी जेमतेम १६.४ वॉट-अवर भरते, म्हणजे काळजी आहे ती व्हिडिओच्या मोठ्या बॅटऱ्यांचीच. टोकांना टेप लावावा. बॉडी आणि लेन्सही हातातच ठेवाव्यात, कारण एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेताना त्या प्रत्यक्ष दाखवाव्या लागतात.

जाताना: एक्सपोर्ट सर्टिफिकेट

भारतातून जाताना सोबत नेलेली मौल्यवान वस्तू परत आणताना तिच्यावर शुल्क लागू नये, यासाठी निघण्याच्या विमानतळावरील कस्टम्स अधिकारी वस्तू पाहून एक प्रमाणपत्र देतात. त्यालाच एक्सपोर्ट सर्टिफिकेट म्हणतात. नाव ऐकून व्यापाऱ्यांचा कागद वाटतो, पण तो सामान्य प्रवाशासाठीच आहे आणि दागिन्यांसाठीही तोच चालतो. त्यावर प्रवाशाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, विमानाचा तपशील, वस्तूंचे वर्णन, क्रमांक आणि किंमत असते आणि अधिकाऱ्याची सही व शिक्का असतो.

कोल्हापूरकरांच्या दृष्टीने इथे वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणारा आणि रात्रीच्या विमानाला जाणारा प्रवासी निवांत असतो. महामार्गाने गाडीतून जाणाऱ्याला पुण्याच्या बाहेर कोंडीत दोन तास सहज द्यावे लागतात आणि मग नेमका हाच कागद राहून जातो. विमान सुटण्याच्या चार तास आधी विमानतळावर असावे. कोल्हापूरहून मुंबईपर्यंत विमानाने आणि पुढे त्याच तिकिटावर परदेशी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की मोठी बॅग इथेच दिली गेली तर ती थेट मुक्कामाला पोहोचते, मुंबईत हाती येत नाही. म्हणून यादीतील एकही वस्तू तिच्यात नसावी.

विमानतळावर आत गेल्यावर प्रथम कस्टम्सच्या टेबलाची चौकशी करावी. प्रत्येक विमानतळावर त्याची जागा वेगळी असते आणि ती फलकावरून चटकन सापडतेच असे नाही, म्हणून चेक-इन काउंटरवर सरळ विचारावे. “एक्सपोर्ट सर्टिफिकेट हवे आहे” एवढे वाक्य पुरते. बॅग सोपवण्याआधी आणि इमिग्रेशन ओलांडण्याआधी हे काम करावे. पलीकडे गेल्यावर मागे फिरणे जवळपास अशक्य होते. सोबत पासपोर्टची आणि तिकिटाची प्रत, यादीच्या दोन प्रती आणि बिले असावीत. अधिकारी वस्तू काढायला सांगतो, क्रमांक स्वतः वाचतो, यादीशी ताडतो आणि मग लिहितो. लेन्सचे मागचे झाकण काढून, क्रमांक वरच्या बाजूला येईल अशी लेन्स त्याच्यापुढे धरली तर दहा वस्तूंचे काम वीस मिनिटांत उरकते. नाहीतर तो प्रत्येक नळी उजेडाकडे फिरवत बसतो आणि आपण घड्याळाकडे पाहत बसतो.

सही-शिक्क्याचा कागद हातात आला की तिथेच उभे राहून वाचावा. माझ्या सहायकाच्या कागदावर एकदा ८ च्या जागी ३ पडला होता. तो तेव्हाच दिसला म्हणून दुरुस्त झाला. उतरल्यावर दिसला असता तर कागद असूनही उपयोग झाला नसता. मग फोनने त्याचे छायाचित्र काढून घरी पाठवावे आणि मूळ प्रत पासपोर्टच्या पाकिटात ठेवावी, कॅमेऱ्याच्या बॅगेत नव्हे, कारण बॅग हरवली तर विम्यासाठीही तोच कागद लागतो.

“कोण बघतंय वो!” असे म्हणणारे मित्र मलाही आहेत आणि गळ्यात एक जुना कॅमेरा अडकवून जाणाऱ्या हौशी प्रवाशाला सहसा कोणी अडवत नाही हेही खरे आहे. एक बॉडी आणि एक-दोन वापरलेल्या लेन्स असतील तर बिलाची प्रत फोनमध्ये असली तरी बहुधा भागते. पण नवीकोरी दिसणारी, लाखाच्या वरची किंवा एकापेक्षा जास्त बॉडी असेल तर हा कागद न घेणे म्हणजे संपूर्ण प्रकरण समोरच्या माणसाच्या मर्जीवर सोडणे होय.

परदेशी उतरल्यावर

आपल्या कस्टम्सचा कागद फक्त आपल्याकडे चालतो. ज्या देशात उतरतो त्याचे नियम वेगळे असतात आणि तिथला प्रश्न उलटा असतो: हा माणूस माल इथे विकून तर जाणार नाही ना? पर्यटकाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला तात्पुरती सूट देण्याची प्रथा जुनी आहे. १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या पर्यटकांच्या कस्टम्स सवलतींविषयीच्या करारात वैयक्तिक सामानाच्या यादीत कॅमेऱ्याच्या शेजारी टाइपरायटर आणि दहा तबकड्यांसह ग्रामोफोनही आहे, त्यावरून तेव्हाच्या पर्यटकाची कल्पना येते. १९९० च्या इस्तंबूल करारातही प्रवाशाच्या वैयक्तिक वस्तूंना अशीच तात्पुरती सवलत आहे. त्यामुळे ‘वापरलेला, स्वतःचा, वाजवी प्रमाणात आणि परत नेणार असलेला’ या चार कसोट्यांत बसणारा कॅमेरा सहसा अडत नाही. खोके, प्लॅस्टिक आणि किमतीची चिठ्ठी घरीच ठेवावी; सीलबंद खोक्यातील लेन्स कोणत्याही देशात विक्रीचा माल वाटते.

व्यावसायिक कामाची गोष्ट निराळी. लग्न किंवा जाहिरात चित्रित करायला दिवे, स्टँड, तीन-चार बॉडी आणि चमू घेऊन जाणारा माणूस स्वतःला पर्यटक म्हणवून घेऊ लागला तर कस्टम्सआधी इमिग्रेशनलाच संशय येतो. कामाचा व्हिसा आणि सामानाची सूट हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एक सुटल्याने दुसरा सुटत नाही, हे यजमानांनाही आधीच समजावून सांगावे.

मोठ्या सामानासाठी ‘एटीए कार्नेट’ नावाची व्यवस्था आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेले हे एक प्रकारचे सामानाचे पारपत्रच आहे. भारतात ते देण्याचा आणि त्याची हमी घेण्याचा अधिकार फिक्की या उद्योगांच्या संघटनेकडे आहे. संयुक्त अरब अमिराती, थायलंड, इंडोनेशिया, सिंगापूर, जपान, अमेरिका आणि युरोपातील बहुतेक देश ते मानतात. त्याच्या जोरावर त्या देशात शुल्क न भरता आणि अनामत न ठेवता सामान तात्पुरते नेता येते. ती हमी आपण इथे फिक्कीकडे तारणाच्या स्वरूपात आधीच दिलेली असते. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते.

कार्नेटमध्ये चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली म्हणजे सामानाची यादी. एकदा कार्नेट निघाले की त्यात वस्तू वाढवता येत नाही, म्हणून ऐन वेळी मित्राकडून उसनी घेतलेली लेन्स त्यात घुसवता येत नाही. मूळ यादी करतानाच राखीव वस्तूही लिहाव्यात. संपून जाणारा माल, म्हणजे वाटायच्या वस्तू किंवा खपणारी सामग्री, त्यात बसत नाही. दुसरी चूक शिक्क्यांची. पिवळी पाने आपल्या देशातून जाण्या-येण्याची, पांढरी परदेशात शिरण्या-निघण्याची आणि निळी वाटेतील देशातून नुसते पार होण्याची असतात. प्रत्येक सीमेवर त्या त्या पानावर शिक्का हवा. परदेशातून निघताना विमान सुटायची घाई असते, कस्टम्सचे टेबल बंद असते आणि माणूस शिक्का न घेताच चढतो. मग काही महिन्यांनी ‘माल आमच्याकडेच राहिला, शुल्क भरा’ असा तगादा त्या देशाकडून फिक्कीमार्फत आपल्यापर्यंत येतो. म्हणून निघायच्या दिवशीची वेळ उतरायच्या दिवसापेक्षाही अधिक राखावी. एकट्या छायाचित्रकाराला दोन बॉडींसाठी एवढा खर्च आणि व्याप परवडत नाही; यजमान मोठा असेल तर हा खर्च करारातच घालावा.

ड्रोन घरी ठेवावा

ड्रोनबाबत मी कोणालाही एकच सल्ला देतो. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आणण्यावर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरता अपवाद आहे. आपलाच ड्रोन नेऊन आपणच परत आणत असलो तरी सीमेवर तो आयातीसारखाच दिसतो, आणि तिथे कॅमेऱ्याप्रमाणे शुल्क भरून सुटण्याचा मार्ग नसतो. शिवाय मोरोक्को आणि इजिप्तसारख्या देशांत उतरताच तो काढून घेतात. बालीत किंवा दुबईत ड्रोनचे दृश्य हवेच असेल तर तिथला परवानाधारक चालक भाड्याने घ्यावा. परत येताना दुकानातून ‘स्वस्त मिळाला’ म्हणून ड्रोन आणणे हा तर शुद्ध पैसे बुडवण्याचा मार्ग आहे.

परत येताना

भारतात ज्या विमानतळावर आपण पहिल्यांदा उतरतो, सर्वसाधारणपणे तिथेच कस्टम्स ओलांडावे लागते. मुंबईहून पुढे कोल्हापूरचे विमान असले तरी बॅगा मुंबईतच घेऊन बाहेर पडायचे असते, म्हणून मधला वेळ किमान तीन-चार तासांचा ठेवावा. पट्ट्याच्या पुढे दोन वाटा असतात: जाहीर करण्यासारखे काही नसणाऱ्यांसाठी हिरवी आणि असणाऱ्यांसाठी लाल. फक्त स्वतःचे, इथूनच नेलेले सामान असेल आणि एक्सपोर्ट सर्टिफिकेट जवळ असेल तर हिरव्या वाटेने जाण्यात काही गैर नाही. कोणी थांबवले तर कागद आणि वस्तू एकत्र पुढे करावी. बॅग क्ष-किरण यंत्रातून गेल्यावर लेन्सच्या काचा ठसठशीत दिसतात, त्यामुळे थांबवले गेल्यास आश्चर्य वाटून घेऊ नये.

परदेशात काही खरेदी केली असेल तर हिशेब मांडावा लागतो. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ७७ नुसार सामानातील वस्तू जाहीर करणे ही प्रवाशाची जबाबदारी आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय रहिवाशासाठी शुल्कमुक्त मर्यादा ५०,००० रुपये होती. असे आकडे बदलत असतात, म्हणून तिकीट काढले की कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजा आकडा पाहून कागदावर टिपावा. मर्यादेच्या वरच्या रकमेवर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के, असा दर गेली काही वर्षे राहिला आहे. दुबईत १,४०,००० रुपयांना कॅमेरा घेतला आणि मर्यादा ५०,००० धरली तर ९०,००० वर ३४,६५० रुपये द्यावे लागतात. मर्यादा बदलली असेल तर त्या जागी नवा आकडा घालून हेच गणित करावे. तिथल्या करातून, म्हणजे दुबईच्या ५ टक्के किंवा सिंगापूरच्या ९ टक्के करातून, मिळणारा परतावा आणि कोल्हापुरातील दुकानाचा भाव समोर ठेवला की पुष्कळदा ही स्वस्ताई कागदावरच राहते. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

इथे लोक तीन समजुतींत फसतात. पहिली अशी की नवरा-बायकोची मर्यादा मिळून दुप्पट होते. तसे होत नाही. एका वस्तूसाठी दोघांच्या मर्यादा एकत्र करता येत नाहीत. दुसरी अशी की भावाने किंवा आत्याच्या मुलाने भेट दिलेल्या कॅमेऱ्याला शुल्क नसते. भेट असली तरी ती आपल्या सामानातच येते आणि तिची किंमत धरली जाते. तिसरी अशी की खोके फेकून कॅमेरा गळ्यात अडकवला की तो जुना होतो. परताव्याचा कागद खिशात असतो, क्रमांक नवा असतो आणि अधिकाऱ्याने असे शंभर गळे पाहिलेले असतात. पकडले गेल्यावर शुल्काबरोबर वस्तू जप्त होण्याची आणि दंडाची तरतूद कायद्यात आहे. लाल वाटेने गेल्यास फक्त शुल्क लागते. अठरा वर्षांवरील प्रवाशाचा एक लॅपटॉप मात्र मर्यादेबाहेर मोफत आणता येतो, त्याची चिंता नको.

लाल वाटेने जाताना बिल हातात ठेवावे. बिल नसेल तर अधिकारी स्वतः किंमत ठरवतो आणि ती आपल्याला सोयीची असेलच असे नाही. कागदी डिक्लेरेशनऐवजी ‘अतिथी’ नावाच्या सरकारी ॲपवरूनही वस्तू आधी जाहीर करता येते. आणखी एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते: वस्तू खरी जाहीर केली, पण शुल्क भरायची तयारी नसेल, तर कलम ८० नुसार ती कस्टम्सकडे ठेवून भारताबाहेर पुन्हा जाताना परत घेता येते. परदेशी राहणारे नातेवाईक लग्नाला येताना महागडा कॅमेरा आणतात त्यांना हे सांगून ठेवावे.

जाताना एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेतले नव्हते आणि अडवले गेले, तर आवाज चढवू नये. बिल, जुनी छायाचित्रे, विम्याची पॉलिसी, दुरुस्तीची पावती, जे काही क्रमांक आणि तारीख दाखवते ते शांतपणे पुढे करावे. पुरावा पटला तर अधिकारी सोडतात. पटला नाही तर लेखी कारण आणि पावती मागावी, कारण पुढे दाद मागायला तोच कागद लागतो.

नेपाळची वाट

पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथला बसने जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी एक वेगळी सूचना. नेपाळहून जमिनीच्या वाटेने येताना २०१६ च्या नियमांत खरेदीची सूट अजिबात नव्हती, फक्त वापरातल्या वैयक्तिक वस्तू आणता येत होत्या. तेव्हा काठमांडूच्या बाजारात लेन्स स्वस्त दिसली तरी मोह आवरावा आणि स्वतःचा कॅमेरा नेणार असल्यास सीमेवरच्या भारतीय कस्टम्स ठाण्यात जातानाच नोंद करून घ्यावी. बसचा चालक थांबायला कुरकुरतो. यात्रेच्या आयोजकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे.

घरी आल्यावर

एक्सपोर्ट सर्टिफिकेट, बोर्डिंग पास आणि भरले असल्यास शुल्काची पावती एका फाइलमध्ये घालावी. शुल्क भरून आणलेल्या कॅमेऱ्याची ती पावती म्हणजे त्याचे भारतातील बिलच, आणि पुढच्या वेळी तो बाहेर नेताना तीच दाखवायची असते. संगणकातील यादी त्याच आठवड्यात सुधारावी; विकलेल्या लेन्सची ओळ काढावी, नव्या फ्लॅशचा क्रमांक घालावा. मागच्या प्रवासाची यादी तशीच छापून नेली आणि तिच्यात सहा महिन्यांपूर्वी इचलकरंजीला विकलेली लेन्स राहिली, तर टेबलावर ती वस्तू कुठे आहे हे समजावण्यातच अर्धा तास जातो, आणि तो मी एकदा घालवला आहे.